गच्चीवरची गादी

तंबू कोसळला तेव्हा मी त्याच्या आत होतो, आणि तो कोसळला नेमका शैलाच्या कुरडयांवर.

जुनी ताडपत्री, मच्छरदाणी आणि शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेले बांबू, एवढ्या सामानातून मी गच्चीवर तो तंबू उभा केला होता. एप्रिलच्या उन्हात ताडपत्रीच्या आत जे काही होतं, त्याला हवा म्हणवत नव्हतं. मी बाहेर यायची वाट शोधत चाचपडत होतो आणि हाताखाली काहीतरी कुरकुर मोडत होतं.

"पप्पा, लागलं का?" बाहेरून इंद्रजितचा आवाज आला.

"नाही. तू लांब उभा राहा. आणि बघून ठेव, तंबू पडला तर घाबरायचं नाही."

"मी घाबरलो नाही."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शैला वर आली होती. माझं डोकं अजून आत आणि पाय बाहेर होते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. पण केरसुणी फिरायला लागल्याचा आवाज आला, त्यावरून कुरडयांचं काय झालंय ते मला कळलं.

"शिबिरात तंबू सर लावणार आहेत," ती शेवटी म्हणाली. "पोरांनी फक्त झोपायचंय."

"आणि समजा वादळ आलं तर?"

"तर तुमचा तंबू तिथं नसेल, एवढं एक बरं आहे."

माझा धंदा विम्याचा. कराडात तेव्हा माझं बऱ्यापैकी नाव होतं. 'देव न करो, पण समजा' या वाक्यावर आमचं घर चालायचं. समोरच्या माणसाला चहा संपेपर्यंत स्वतःचा अपघात, घराची आग आणि बायकोचं वैधव्य डोळ्यांपुढे उभं करून दाखवायचं, आणि मग खिशातून पेन काढायचं. हे काम इतकी वर्षं केल्यावर माणूस घरी आला तरी ते बंद होत नाही. त्यात इंद्रजितने शिबिराचं काढलं.

तो चौथीतून पाचवीत जाणार होता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे लादे सर दर मे महिन्यात मुलांना पाटणच्या पुढे डोंगरात न्यायचे. ओढ्याकाठी तंबू, पक्षी बघणं, झाडं ओळखणं, रात्री शेकोटी. शाळेत त्याची जाहिरात लागली आणि पोराने जेवताना विचारलं, "मी जाऊ?" माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत शैला "जा की" म्हणून मोकळी झाली होती.

मग मी तयारीला लागलो. सकाळी गार पाण्याने अंघोळ, का तर तिथे बंब नसणार. रोज दुधीची भाजी, का तर तिथे काय वाढतील सांगता येत नाही. मोरीच्या भिंतीवर विषारी सापांचा तक्ता लावला. तो बघून आमच्या मोलकरणीने मोरी घासायचं सोडलं. एक शिट्टी आणली. संकट आलं की ती कशी वाजवायची, याची तालीम आम्ही दुपारी करायचो. तो गच्चीवरून वाजवायचा आणि मी खालून धावत जायचो. एकदा जिन्यात मला दम लागला आणि मी तिथेच बसलो, तेव्हा तो खाली येऊन मला पाणी देऊन गेला.

हे सगळं मी मोठ्या निष्ठेने करत होतो. कारण ज्याची खरी तयारी करायची होती, त्याचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती.

इंद्रजित अधूनमधून झोपेत अंथरूण ओलं करायचा.

आम्ही डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, काही दोष नाही, काही मुलांचं उशिरा थांबतं, आपोआप थांबेल. शैलाने डॉक्टरांचं ऐकलं. मी डॉक्टर बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तेव्हा त्याच्याही ज्ञानाविषयी मला शंका आली.

घरात मी तो विषय सरळ शब्दांत कधी काढला नाही. मी 'तब्येत' म्हणायचो. सकाळी दाढी करता करता आरशातून विचारायचो, "काय, तब्येत कशी होती?" आणि तो "बरी होती" म्हणायचा, नाहीतर "नव्हती." नव्हती असली की गादी गच्चीवर जायची.

आणि तिथेच आमच्या ढेकणांचा जन्म झाला. शेजारच्या माने वहिनी एकदा कपडे वाळत घालता घालता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ती गादी रोज उन्हात दिसते?" प्रश्न साधा होता. सावकाश विचार केला असता तर शंभर उत्तरं सापडली असती. मी चटकन म्हणालो, "ढेकूण झालेत हो."

वहिनी भल्या बाई. संध्याकाळीच कसलीशी पावडर घेऊन आल्या आणि सगळ्या गाद्या उचलून बघूया म्हणाल्या. शैलाने त्यांना कसंबसं परत पाठवलं. पण बातमी गल्लीभर झाली. आमच्याकडे आलेली माणसं सोफ्याच्या कडेवर टेकू लागली. बायकांची भिशी आमच्या घरी व्हायची ती 'यावेळी पाटलांकडे करू' म्हणत कायमची हलली. माझ्या एका गिऱ्हाइकाने तर पॉलिसीवर उभ्या उभ्याच सही केली, आणि निघताना पायजम्याच्या दोन्ही टांगा झटकल्या.

"त्यापेक्षा खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" शैला म्हणाली.

"खरं काय सांगायचं?"

"पोरगं झोपेत अंथरूण ओलं करतं म्हणून. त्यांच्याही घरात पोरं वाढलीत."

"हळू बोल," मी म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

शिबिर जवळ आलं तसे माझे उपाय वाढले. दिवे लागले की इंद्रजितचं पाणी बंद. जेवणानंतर काळे तीळ आणि गूळ, कारण उंब्रजच्या एका म्हाताऱ्या वैद्याने ते सांगितलं होतं. उशाला गजराचं घड्याळ. गजराने मी उठायचो, शैला उठायची, माने वहिनींचा कुत्रा उठायचा. इंद्रजित तेवढा कुशीवर वळून झोपायचा. तरी तो सगळं निमूट करत होता. तीळ खा म्हटलं की खायचा, पाणी नको म्हटलं की प्यायचा नाही. मला वाटायचं, पोराचा माझ्यावर केवढा विश्वास आहे.

पण तीळ खाऊनही गादी वर जायची ती जायचीच. शेवटी माझा धीर सुटला.

"आपण कांजिण्या झाल्या म्हणून कळवू," मी शैलाला म्हणालो.

"कोणाला झाल्या?"

"इंद्राला. म्हणजे झाल्या असं कळवू. पुढच्या वर्षी जाईल."

ती कैऱ्या किसत होती. किसणी थांबली नाही. "आणि कांजिण्या झालेलं पोरगं संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळताना लोकांना दिसलं, की मग काय सांगणार? ढेकूण चावले?"

"तुला कळत नाही. तिथे दुसरी पोरं असतात. एकदा का त्यांना कळलं—"

किसणी थांबली. शैलाने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं, पण ती पुन्हा किसायला लागली आणि एवढंच म्हणाली, "तो जाणार आहे. त्याला जायचंय."

मग मी दुसरी युक्ती काढली, आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की ती आधी घरी बोललोच नाही. मी परस्पर लादे सरांना कॉलेजात गाठलं आणि सांगितलं, की मीही शिबिराला येईन म्हणतो; मुलांना सुरक्षिततेवर दोन शब्द सांगेन, रात्री लक्ष ठेवायलाही मोठं माणूस हवंच. सर कसलीशी पानं वर्तमानपत्रात दाबत होते. मान वर न करता म्हणाले, "या की. स्वयंपाकाला एक माणूस कमीच आहे."

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आमरस होता. मी जाहीर केलं, "इंद्रा, एक गंमत सांगू? मी पण येतोय तुमच्याबरोबर."

त्याने वाटी खाली ठेवली. "कुठं?"

"शिबिराला."

"तुम्ही कुठं झोपणार?"

"तुझ्याच तंबूत. म्हणजे रात्री काही लागलं-सवरलं तर मी आहेच. कोणाला काही कळायचंसुद्धा नाही."

आमरस त्याला फार आवडायचा, वाटी बोटाने पुसून घेणारा पोरगा तो. त्याने ती अर्धी तशीच ठेवली, ताट उचललं, माझ्याच शिकवणीप्रमाणे स्वतः घासून ठेवलं, आणि भर उन्हात गच्चीवर जाऊन बसला. शैलाही उठली. मी एकटाच आमरस खात राहिलो आणि मनात म्हणालो, पोराला आनंदाने बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना तो स्वतःच मागे येऊन उभा राहिला.

"मला लादे सरांना भेटायचंय."

"कशाला? मी बोललोय त्यांच्याशी."

"मला बोलायचंय."

पोराने हट्ट असा कधी केलाच नव्हता. मी त्याला स्कूटरवर घेऊन सरांच्या घरी गेलो. सरांच्या पडवीत तंबूंचा ढीग पडला होता. सर चष्मा कपाळावर चढवून, एक जाडी सुई डोळ्यांसमोर धरून तिच्यात दोरा ओवायच्या खटपटीत होते. फाटके तंबू ते स्वतःच शिवायचे.

"बसा," ते म्हणाले. बसायला तंबूच होते.

इंद्रजित काही बोलायच्या आत आपण विषय नीट मांडावा म्हणून मी सुरुवात केली. "सर, ते रात्रीचं जरा विचारायचं होतं. पाण्याचं."

"पाण्याची काळजी नको. झऱ्याचं पाणी आहे. असं पाणी तुम्ही जन्मात प्याला नसाल."

"तसं नाही. प्यायचं पाणी नाही. म्हणजे प्यायलेलं पाणी... रात्री झोपल्यावर..."

"रात्री झऱ्यावर कोणी जात नाही. पिंप भरून ठेवतो आपण."

"हो, पण मुलांची प्रकृती वेगवेगळी असते. काही मुलांच्या बाबतीत काय होतं, की शरीराचं जे... जे नियंत्रण..."

सरांनी सुई खाली घेतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. माणूस विमा विकायला आलाय असं त्यांना वाटलं असावं.

"सर," इंद्रजित म्हणाला, "मी कधीकधी झोपेत अंथरुणात शू करतो. म्हणून पप्पा येताहेत. ते आले नाहीत तर चालेल का?"

वही संपलीय, नवी पाहिजे, असं सांगावं त्या आवाजात. मी समोरच्या फाटकाकडे पाहत राहिलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. कोणी नव्हतं हे मी दोनदा बघून घेतलं.

"एवढी सुई ओवून दे," सर म्हणाले. "मला दिसत नाही."

इंद्रजितने दोरा तोंडात ओला केला आणि ओवला.

"तू तंबूच्या दाराशी झोप," सर शिवता शिवता सांगू लागले. "मी पहाटे पाखरं ऐकायला उठतो, तेव्हा तुला हलवीन. झालंच ओलं, तर ओढ्यात धुवायचं आणि कुंपणावर टाकायचं. ऊन रग्गड असतं. गादीबिदी काही नसते आपल्याकडे. गोधड्या दोन आण घरून."

"बरं."

"पोहता येतं?"

"येतं."

"मग झालं." सरांनी दोरा दाताने तोडला. मग त्यांना माझी आठवण झाली. "तुम्ही आला असता तर बटाटे सोलायला हात झाला असता. पण पोरगं नको म्हणतंय."

मी म्हणालो, "बरोबर आहे." काय बरोबर होतं ते मला सांगता आलं नसतं.

परत येताना ऊन तापलं होतं. प्रीतिसंगमाच्या बागेजवळ रसवंती दिसली तसा मी थांबलो. बाकड्यावर बसलो. यंत्राचे घुंगरू छुमछुम वाजत होते, त्या आवाजाच्या आडोशाने मी पोराला विचारलं, "इंद्रा, तुला लाज नाही वाटली?"

बापाने विचारायचा प्रश्न नव्हता तो. पण माझ्या तोंडून तोच आला.

त्याने जरा विचार केला. "आधी वाटायची. मग आईनं सांगितलं ना."

"काय सांगितलं?"

"तुम्हीपण सातवीपर्यंत करत होता म्हणून."

रसवाल्याने ग्लास आणून ठेवले. मी त्यातल्या बर्फाकडे बघत राहिलो. पोराला वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून त्याने माझी समजूत घातली. "पण नंतर थांबलं ना तुमचं. आणि तुम्ही आता स्कूटर चालवता, विमा विकता. काहीच झालं नाही तुम्हाला."

"तुला हे कधी सांगितलं तिनं?"

"दिवाळीत. म्हणाली, पप्पांना विचारू नको. त्यांना अजून वाटते."

"काय?"

"लाज," तो म्हणाला आणि रस पिऊ लागला.

आता सांगायला हरकत नाही. आमच्या गावच्या शाळेची सहल प्रतापगडाला जायची, मुक्कामी. मी एकदाही गेलो नाही. दरवर्षी सहलीच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात दुखायचं आणि बस गेली की थांबायचं. मामाच्या गावाला उन्हाळ्यात सगळी भावंडं जायची, मी जायचो नाही. गेलो तर संध्याकाळच्या एसटीने परत. सातवीच्या वर्षी गुरुजींनी मला साताऱ्याच्या एका बोर्डिंगच्या शाळेसाठी परीक्षेला बसवलं. मी पास झालो. गावातला पहिलाच पोरगा. वडिलांनी पेढे वाटले. आणि मी सांगितलं, आईला सोडून राहणार नाही. लोळून रडलो. गुरुजी घरी आले, तलाठी आले, मी ऐकलं नाही. गावाने मला 'आईवेडा' नाव ठेवलं. कॉलेजात जाईपर्यंत ते नाव मला चिकटून होतं, आणि मी ते खुशाल मिरवत होतो. दुसरं नाव पडण्यापेक्षा ते बरं होतं. त्या बोर्डिंगमध्ये आमच्या वर्गातला दुसऱ्या क्रमांकाचा पोरगा माझ्या जागी गेला. पुढे तो कुठल्या कुठे पोचला. मी त्याचा विमा उतरवला आहे.

हे मी शैलाला कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. जगात ही गोष्ट जाणणारी एकच बाई, माझी आई, आणि तिला जाऊन वर्षं झाली, या हिशेबावर मी निर्धास्त होतो.

घरी आलो तेव्हा शैला साखरांबा ढवळत होती. इंद्रजित खेळायला पळाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तुला कोणी सांगितलं?"

काय ते तिने विचारलं नाही. "तुमच्या आईंनी."

"कधी?"

"लग्न ठरायच्या आधी. तुम्ही सगळे बघायला आला होता ना, तेव्हा. आमच्या आईला माजघरात नेऊन म्हणाल्या, पोराला लहानपणी अशी सवय होती, आता काही नाही, पण मागाहून दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

"म्हणजे तुझ्या आईला माहीत आहे?"

"आईला, बाबांना. मावशी तिथंच बसली होती. दादाला नंतर कळलं."

दादा म्हणजे माझा मेव्हणा. त्याच्यापुढे मी लग्नापासून आजतागायत फार रुबाबात वागत आलो होतो. पत्ते खेळतानासुद्धा.

"आणि तरी तू हो म्हणालीस?"

"मला तुमच्या मिशा आवडल्या नव्हत्या," शैला म्हणाली. "बाकी कशाचं काही नव्हतं."

मी ओट्याला टेकलो. साखरांब्याला बुडबुडे येत होते.

"मला का नाही बोललीस इतक्या वर्षांत?"

"वाटलं, तुम्ही सांगाल कधीतरी. मग वाटलं, नसेल सांगायचं तर राहू दे." तिने गॅस बारीक केला. "इंद्राला मात्र सांगावं लागलं. दिवाळीत एकदा गादी वर नेताना विचारायला लागला, आई, मी वेडा आहे का? डॉक्टरांचं सांगून झालं, त्याला पटेना. मग म्हटलं, घरातलंच उदाहरण देऊ."

"उदाहरण," मी म्हणालो.

"त्या दिवसापासून पोरगं सुधारलं. गादी स्वतः उचलायला लागलं. तुमच्या लक्षात आलं नाही?"

माझ्या लक्षात आलं होतं. मी ते माझ्या शिकवणीच्या खात्यावर जमा केलं होतं.

"मग ते तीळ का खात होता? पाणी का सोडलं त्यानं?"

"मी म्हटलं त्याला, नको वाटत असेल तर सांग. तर म्हणाला, असू दे, पप्पांना बरं वाटतं."

मी बाहेर येऊन सोफ्यावर बसलो. खूप वेळाने शैलाने साखरांबा चाखायला म्हणून वाटीत आणून दिला आणि शेजारी बसली. मी तिला सहलीचं सांगितलं, मामाच्या गावचं सांगितलं, बोर्डिंगचं सांगितलं. तिला बोर्डिंगचं माहीत नव्हतं. आईने एवढंच तिच्यापासून राखलं होतं. की आईलाही खरं कारण कधी कळलंच नव्हतं, कोण जाणे. माझ्या हातातली रिकामी वाटी तिने काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

शिबिराची बस सुटायची त्या सकाळी मी इंद्रजितला सोडायला गेलो. त्याच्या पाठीवर एकच पिशवी होती. मी भरलेली दुसरी, तिच्यात दोर, मेणबत्त्या, दोन प्रकारची मलमं आणि सापांचा तक्ता होता, ती त्याने घरीच ठेवली. गोधड्या मात्र दोन घेतल्या. खिडकीतून त्याने हात केला, तो मला की माझ्या मागे उभ्या असलेल्या मित्राला, ते कळलं नाही. मीही हात केला. बस वळणाआड गेली आणि मी तिच्यामागे स्कूटर घातली नाही. याचं कौतुक कोणी केलं नाही म्हणून इथे नमूद करतो.

त्या आठवड्यात माझ्या हातून एकही पॉलिसी झाली नाही. 'देव न करो' म्हणायला तोंड उघडायचो आणि मलाच पुढचं ऐकवायचं नाही.

परत येणारी बस दुपारी आली. पोरं काळी होऊन उतरली. अंगाला धुराचा वास. आईबापांची गर्दी, पिशव्यांची ओढाताण, लादे सर टपावरून तंबू खाली देत होते. इंद्रजित उतरला तोच बोलत उतरला. नाकाचं साल निघालं होतं. त्याने एका दमात मला ओढ्यातले खेकडे, करपलेली खिचडी आणि पहाटे ओरडणारा कुठलासा पक्षी सांगितला, त्या पक्ष्याचा आवाज काढून दाखवला, आणि पिशवी माझ्याकडे दिली.

मी पिशवी खांद्याला लावली. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणालो, "इंद्रा, अंथरुणात शू झाली का रे?"

आवाज मोठाच निघाला. हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढत होतो, किती जोर लावायचा याचा अंदाज नव्हता. जवळच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. पाहिलं आणि आपापल्या पोरांच्या पिशव्या शोधायला लागली.

"एकदा," इंद्रजित म्हणाला. "पण पप्पा, ऐका ना. आमच्या तंबूत विंचू निघाला."

"केवढा होता?"

त्याने हात मोकळे करून दाखवलं. घर येईपर्यंत, स्कूटरवर माझ्या पाठीमागे बसून, तो मला तो विंचू सांगत राहिला, आणि प्रत्येक चौकात तो थोडा थोडा मोठा होत गेला.